शिगेचे साठ ग्रॅम

“लाभ,” म्हणत द्वारकामावशींनी तांदळाचं पहिलं मापटं पातेल्यात ओतलं. मग “दोन.” मग “तीन.”

“पहिल्याला एक का नाही म्हणत, मावशी?”

“धान्य मोजताना एक नाही म्हणायचं. लाभ म्हणायचं.”

“मग मी वहीत काय लिहू? लाभ ग्रॅम?”

मावशी हसल्या. शेगडीपाशी बसलेल्या बायकाही हसल्या आणि मी खूश झाले. चोवीस वर्षांची होते, कोल्हापूरला गृहविज्ञान शिकून आले होते, आणि आपण बोललो की चारजणींनी हसलंच पाहिजे अशी माझी समजूत होती. तोंड तेव्हाही चालायचं, आताही चालतं. फक्त एका बाबतीत ते तीन वर्षं बंद राहिलं आणि उघडलं तेव्हा नको ते बोलून गेलं. त्याचीच ही गोष्ट आहे.

मिरजेत आमचा महिला उद्योग होता. वीसेक बायका लाडू, चकल्या, भाजण्या, मसाले करायच्या. माल चांगला असायचा, पण एका दिवसासारखा दुसऱ्या दिवशी नसायचा. कारण एकीची वाटी म्हणजे दुसरीचं फुलपात्र. सोमवारची चकली खुसखुशीत आणि गुरुवारची अशी की दात सांभाळून खावी. संस्थेच्या हर्डीकर बाईंनी मला ठेवलं ते त्याच्यासाठी.

“सगळं ग्रॅमवर आण, हेमांगी,” त्या म्हणाल्या. “उद्या एखादी आली नाही तरी काम अडता कामा नये.”

सहा महिने शिकाऊ म्हणून, आणि काम पसंत पडलं तर पक्की नोकरी, असं ठरलं. त्या ‘एखादी’मध्ये द्वारकामावशी येतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या सगळ्यांत जुन्या. साठी ओलांडलेली, अंगाने बारीक, अक्षरओळख नाही. माहेरून आणलेलं एक पितळेचं मापटं, म्हणजे अर्ध्या शेराचं माप, तेवढं त्यांचं हत्यार. तळाला पोचा आलेला होता. दुसऱ्या कुणी ते घेतलेलं त्यांना चालायचं नाही, पण मला चाललं. मी त्यांना आवडायचे हो. का, कोण जाणे.

दीड महिना आम्ही दोघी मोजत होतो. त्या मापाने घ्यायच्या, मी नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून आकडा लिहायची.

“मीठ किती, मावशी?”

“चवीपुरतं.”

“चवीपुरतं म्हणजे किती?”

“लागतं तेवढं.”

शेवटी मी त्यांना मूठच भरायला लावली. भरली मूठ काट्यावर ओतली, बावीस ग्रॅम. पुन्हा भरायला लावली, बावीस. तिसऱ्यांदा तेवीस. मी तोंडात बोट घातलं. मावशींनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, “मग बरोबर आहे तुझा काटा.”

हे त्या गमतीने म्हणाल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं.

अनारसे मुद्दाम शेवटी ठेवले होते. त्याला तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावं लागतं, मग सावलीत कपड्यावर पसरून, ओलसर असतानाच दळून चाळावे लागतात. त्यात गूळ. सगळी करामत पीठ आणि गूळ यांच्या मेळात आहे. गूळ कमी पडला तर अनारसा दगड होतो, आणि जास्त झाला तर तुपात सोडल्या सोडल्या पसरून त्याचा चुरा होतो. त्याला बायका ‘अनारसा हसला’ म्हणतात.

नेमकं त्याच वेळी मावशींच्या मंदाचं लग्न निघालं. मावशींची ती एकुलती एक मुलगी. मे महिन्याच्या शेवटी, तिथेच, स्टेशनजवळच्या कार्यालयात. मावशी चार दिवस रजेवर जाणार होत्या. जाताना भिजलेल्या तांदळाचं पातेलं मला दाखवलं, आपलं मापटं माझ्या टेबलावर ठेवलं.

“पीठ दळून आलं की तू मोजून घे. पिठाला शीग, गुळाला नाही. विसरू नकोस हां.”

“नाही विसरणार.”

“शीग म्हणजे चांगली शीग. वरनं ओघळायला लागेस्तोवर.”

“मावशी, तुम्ही लग्नाचं बघा. मी मोजते.”

पीठ लग्नाच्याच दिवशी दुपारी दळून आलं. मी मापटं भरलं आणि पट्टीने वरून सपाट केलं. कॉलेजात हात तसाच बसलेला होता. कोरडा जिन्नस मापात घेतला की पट्टी फिरवायची, तीनदा वजन करायचं, सरासरी काढायची. पीठ दोनशे ऐंशी ग्रॅम. गूळ, किसून दाबून, तोही सपाट, तीनशे तीस. वहीत लिहिलं. मग आठवलं की पिठाला शीग, म्हणजे मापाच्या वर चढवलेली रास, म्हणाल्या होत्या. आकड्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं, ‘शीग – नंतर बघणे’. एवढ्यात खालून हाका सुरू झाल्या. लग्नाला जायला टेम्पो आला होता आणि सगळ्याजणी माझ्यासाठी खोळंबल्या होत्या. मी वही मिटली, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि धावले.

लग्न छान झालं. मंदा गोड दिसत होती. मावशींनी मला पंगतीत ओढून बसवलं आणि स्वतः जिलेबी वाढली. जाताना म्हणाल्या, “आता अधिक येतोय बघ. मंदीचं पहिलं वाण. जावयाला तीस-तीन अनारसे देणार, माझ्या हातचे.”

अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देतात. तीस-तीन म्हणायची पद्धत. तीन वर्षांनी एकदा येणारा महिना, म्हणून जावई नवा असला तर त्या वाणाचं अप्रूप फार. अनारसेच का, तर त्याला जाळी असते, जाळीदारच काहीतरी द्यायचं असतं. ज्यांना करायला जमत नाही ते बाजारातून बत्तासे आणून भागवतात. पण बत्तासे दिले म्हणजे भागवलं, हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही.

लग्नानंतर दोन दिवसांनी मी सगळी प्रमाणं स्वच्छ अक्षरात पक्क्या कागदावर उतरवली आणि प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीला लावली. अनारसे: पीठ दोनशे ऐंशी, गूळ तीनशे तीस. पेन्सिलीचं लिहिलेलं पक्क्या कागदावर उतरवत नाहीत, म्हणून ते वहीतच राहिलं.

त्या वर्षी आषाढ अधिक होता, शहाण्णव साली. आमच्याकडे चाळीस वाणांची मागणी आली. पीठ कागदाप्रमाणे मोजून दोन पोरींनी कालवलं आणि मुरायला ठेवलं. पाच दिवसांनी, तळणीच्या दिवशी सकाळी, मावशींनी डबा उघडून गोळा हातात घेतला. बोटांनी दाबला, पुन्हा दाबला.

“सैल लागतंय गं हाताला.”

“ग्रॅमवर बरोबर आहे, मावशी.”

“गूळ वर झालाय का बघ की जरा.”

“काट्यावर दोनदा बघितलंय.”

मावशींनी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. वाचता येत नव्हतं तरी चांगला वेळ बघितलं. “मग असेल,” म्हणाल्या आणि खसखशीवर पहिला अनारसा थापला.

तुपात पडला आणि हसला. दुसरा हसला. मावशींनी आच कमी केली, तिसरा हसला. आच वाढवली, चौथा कडेने फुटून तुपात विरला. कढईत नुसता चुरा तरंगत होता. दुसरी कढई चढवली, तूप बदललं. अकरा वाजेपर्यंत चाळीसेक गेले असतील. मावशींचा पदर घामाने भिजला होता.

“थोडं पीठ कालवून बघू का?” त्यांनी मला विचारलं. “चार दाणे तांदूळ भिजलेले आहेत माझ्या घरी. दळून आणते.”

आणि मी काय म्हणाले? “मावशी, प्रमाण बिघडवू नका.” अगदी याच शब्दांत. तीस वर्षं होत आली, तरी ते वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

हर्डीकर बाई आल्या. कढईत बघितलं, परातीतल्या चुऱ्याकडे बघितलं. बाई वाईट नव्हत्या, आवाजही चढवायच्या नाहीत. मला विचारलं, “हेमांगी, प्रमाणात काही चूक?”

“नाही, बाई.”

सगळ्या बायका ऐकत होत्या.

“पीठ काट्यावर, गूळ काट्यावर,” बाई म्हणाल्या. “मग राहिलं काय, द्वारकाबाई?”

मावशींनी झारा खाली ठेवला. उजवा हात उलटा करून तळव्याकडे बघितलं. “मंदीच्या लग्नात आमटीत पण मीठ जास्त पडलं होतं माझ्याकडून,” त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. “वजन बरोबर आहे म्हंजे माझाच हात गेला.”

चाळीस घरांना त्या दिवशी निरोप गेले. कुणी आठ दिवस थांबायला तयार झालं, कुणी चडफडत बत्तासे घ्यायला बाजारात गेलं. मंदाचे तीस-तीनही त्याच पिठातून व्हायचे होते, म्हणून मावशीही बाजारातच गेल्या. मंदाच्या सासरी त्याच संध्याकाळी वाण द्यायचं ठरलं होतं, मुहूर्त काढलेला होता. एका बाईने मला नंतर सांगितलं, मंदाच्या सासूने ताटावरचा रुमाल उचलला, बत्तासे बघितले आणि रुमाल परत टाकला. मंदाला म्हणाली, “तुझी आई तर अनारसे करते ना?”

संध्याकाळी मी एकटी वर बसले होते. का कोण जाणे, वही काढली. भिंतीवरचा आकडा एकदा वहीशी ताडून बघावा आणि डोक्यातून काढून टाकावं, एवढाच हेतू. आकडा बरोबर होता. शेजारी माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘शीग – नंतर बघणे’.



डब्यात गूळ न घातलेलं थोडं पीठ उरलं होतं. मावशींचं मापटं फळीवर होतं. भरलं, शीग लावली, कडेने ओघळायला लागेस्तोवर. तीनशे चाळीस. साठ ग्रॅमचा फरक. प्रत्येक मापट्यामागे साठ ग्रॅम पीठ मी पट्टीने पुसून टाकलं होतं, आणि तेवढा गूळ वर झाला होता. मावशींच्या बोटांना जे सकाळी कळलं होतं, ते मला आता काट्यावर दिसत होतं.

सवयीने मी वहीत खाली लिहिलं, ‘शीग धरून ३४०’, आणि सवयीनेच तारीख घातली. तेवीस जून शहाण्णव.

मावशींचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेले. गिरणीवाल्याने विचारलं, “काय ताई, दळण?” मी म्हणाले, “नाही, सहज.” आणि परत फिरले.

नोकरी पक्की व्हायला महिनाच उरला होता, हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं नाही. पण सगळ्या बायकांसमोर मी ‘नाही, बाई’ म्हणाले होते आणि ते ‘नाही’ मला परत घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं आहे. मला लाज वाटली. त्या लाजेपायी मी एका म्हाताऱ्या बाईला तिच्या हातावर संशय घेत बसू दिलं.

थांबा, एवढ्यावर संपत नाही. पुढचं जास्त वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले, भिंतीवरचा कागद काढला आणि नवा लावला. दोनशे ऐंशीच्या जागी तीनशे चाळीस. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आठ दिवसांनी नवं पीठ मुरलं तेव्हा बाईंनी मावशींना तळणीला बसवलं नाही. पार्वती म्हणून एक तिशीची बाई होती, तिने कधी जन्मात अनारसा तळला नव्हता, तिला बसवलं. पहिला अनारसा तुपात फुलला, जाळी सुटली, सोनेरी होऊन वर आला. दुसरा तसाच. शंभर तसेच.

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “बघा,” त्या सगळ्यांना म्हणाल्या, “प्रमाण पक्कं असलं की कुणालाही जमतं.”

मावशी दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, चाळणीतला एक अनारसा उचलला, खिडकीकडे धरून जाळीतून उजेड बघितला. “चांगला झालाय,” म्हणाल्या. मग तो परत ठेवला, पदराला हात पुसला आणि पॅकिंगच्या टेबलावर जाऊन बसल्या.

मला तेव्हा बोलता आलं असतं. कागद बदललाय, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी काट्यावर एक डबा ठेवला आणि उगाच आकडा बघत राहिले.

पंधरा दिवसांनी मावशींनी यायचं बंद केलं. शेवटच्या दिवशी मी त्यांचं मापटं द्यायला गेले तर म्हणाल्या, “राहू दे तुला. मला आता काय करायचंय.” त्या महिनाअखेर माझी नोकरी पक्की झाली.

तीन वर्षं गेली. ज्येष्ठ अधिक आला. आमच्याकडे सत्तर वाणं होती आणि आमचे अनारसे सांगलीपर्यंत जात होते. मी लक्ष्मी मार्केटमध्ये खसखस घ्यायला गेले होते, तिथे मंदा दिसली. कडेवर मुलगा, हातात बत्त्याशांचा पुडा. मला बघून हसली.

“आई कशी आहे?” मी विचारलं.

“बरी आहे. म्हणजे तब्येतीने बरी आहे.”

“आणि अनारसे?” मी विचारलं. न विचारता राहवलं नाही.

“आई कुठे करते आता. अनारसेच काय, काहीच नाही करत. भाताला पाणी किती घालू, म्हणून शेजारणीला हाक मारते. मी माहेरी आले की आमटी माझ्यापुढे करते आणि म्हणते, चाखून बघ गं, माझं मला कळत नाही.” मंदाने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. “डॉक्टर म्हणतात, तिला काही झालेलं नाही. हाताला नाही, जिभेला नाही. तिने मनातच घेतलंय. तुम्ही या ना एकदा, ताई. तुमचं नाव काढते ती.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवीत वही घातली, मापटं घातलं आणि गेले.

मावशी दारातच लसूण सोलत बसल्या होत्या. आणखी बारीक झाल्या होत्या. मंदा आत मुलाला निजवत होती.

“हेमा? ये, ये. आत्ता आठवण झाली व्हय मावशीची?”

मी खाली बसले. बसल्या बसल्या सांगून टाकलं, कारण पाणी प्यायले असते तर धीर सुटला असता. पिठाला शीग तुम्ही सांगितली होती, मी लावली नाही. सपाट मापाचं वजन केलं आणि तेच लिहिलं. पीठ साठ ग्रॅमने कमी पडत होतं. अनारसे त्याने हसले. तुमचा हात चुकला नव्हता, मावशी. चूक माझी होती.

मावशींच्या हातातली लसणीची पाकळी तशीच राहिली.

“शीग लावली नाहीस?”

“नाही.”

“मी जाताना सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं.”

“सैल लागतंय म्हणाले होते मी.”

“हो.”

त्यांनी उजवा हात उलटा करून बघितला, त्या दिवशी बघितला होता तसाच. “तीन वर्षं,” म्हणाल्या. “भाताचं पाणी मी लोकांना विचारलं गं. पन्नास वर्षं रांधलेली बाई मी.” डोळ्यांना पाणी आलं होतं. मला वाटलं, आता त्या मला दोन शब्द सुनावतील, आणि मला ते हवेच होते. ऐकून घेतलं असतं आणि मोकळी झाले असते.

त्यांनी विचारलं, “तुला कधी कळलं हे?”

सरळ प्रश्न होता. हेतूने विचारलेलाही नव्हता, सहज विचारला होता. उत्तर माझ्या पिशवीत, वहीत लिहिलेलं होतं.

“काल,” मी म्हणाले. “जुनी वही चाळत होते, तेव्हा दिसलं.”

इतकं सहज निघालं तोंडातून, की माझं मलाच क्षणभर खरं वाटलं.

मावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला लसणीचा वास होता. “मग रडतेस कशाला? माणसाच्या हातनं होतं असं. कळल्या कळल्या धावत आलीस, दुसरी असती तर गप्प बसली असती.”

मग त्यांना दम निघेना. “मंदा, ए मंदा, बाहेर ये. हेमाने काय आणलंय बघ. माझा हात चांगला आहे म्हणावं.” मंदा आली, तिला मावशींनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझ्याच शब्दांत. “वही आणलीस ना? दे तिला. मंदे, वाच गं, काय लिहिलंय ते मला ऐकव.”

मी वही दिली. पुरावा म्हणून आणली होती, मूर्खासारखी. त्या पानावर काय काय आहे हे मला द्यायच्या वेळी आठवलं.

मंदा वाचू लागली. “पीठ, एक मापटं, दोनशे ऐंशी. शीग, नंतर बघणे.” मावशी मान हलवत होत्या. “खाली लिहिलंय, शीग धरून तीनशे चाळीस.” आणि ती थांबली. तिची नजर पानावरच होती.

“आणि काय?” मावशींनी विचारलं.

“एवढंच आहे, आई.”

मावशी उठल्या. उठताना गुडघ्यावर हात ठेवायलाही विसरल्या. माझ्या पिशवीतून मापटं काढलं, पदराने पुसलं, आत गेल्या. “अधिक संपायला बारा दिवस आहेत,” आतून म्हणाल्या. “तीन दिवस भिजायला, पाच मुरायला. होतंय की. ते बत्तासे पोराला खायला घाल, मंदे.” डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तांदूळ पातेल्यात पडले. “लाभ,” मावशी म्हणाल्या.

मी चपला घालायला उठले. मंदा वही घेऊन माझ्याबरोबर दारापर्यंत आली.

“खाली तारीख आहे, ताई,” ती हळू आवाजात म्हणाली.

मी दुसरी चप्पल पायात सरकवली.

“तेवीस जून. वाणाचाच दिवस. मी कशी विसरेन?” तिचा आवाज चढला नाही. “त्याच संध्याकाळी कळलं होतं तुम्हाला.”

“मंदा, मी येणार होते. कोपऱ्यापर्यंत आले होते.”

“आईला मी वाचून नाही दाखवली आणि दाखवणारही नाही. तिला असं खुशीत बघून तीन वर्षं झाली मला. कुणीतरी धावत आलं म्हणून तिला बरं वाटलंय, तेही वाटू दे.” तिने वही मिटली. “पण तुम्ही आता येऊ नका.”

आतून मावशींची हाक आली. “गेलीस का गं हेमा? आठ दिवसांनी ये हां. पहिला घाणा तुझा.”

मंदा माझ्याकडे बघत होती.

“येते, मावशी,” मी म्हणाले.

मंदाने वही माझ्या हातात दिली आणि दार लोटून घेतलं.